खोल समुद्रात बोटीने गरवायला जाताना टॅकल काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं

बोटीची तारीख पक्की झाली की बहुतेक जण तयारी उलट्या टोकाकडून सुरू करतात, म्हणजे आधी ल्युअरचे म्हणजे खोट्या चाऱ्याचे डबे उघडायचे, आवडीचे रंग बाजूला काढायचे, मग त्यांना चालेल असा रॉड शोधायचा आणि लाईनचा विचार पार शेवटी, निघायच्या आदल्या रात्री. माझं म्हणणं सरळ आहे, आधी काम ठरवा. त्या दिवशी बोटीवर नक्की काय करणार, जिगिंग (धातूची जड जिग खाली सोडून झटक्यांनी वर ओढणं), पॉपिंग (पॉपर नावाचा तरंगता ल्युअर फेकून पाण्यावरून ओढणं), तळाला चारा सोडून बसणार की ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे ल्युअर ओढणं), हे ठरलं की एकेका कामाला एक पूर्ण जोड बांधायचा, रॉड, रील, लाईन, लीडर (लाईनच्या टोकाला जोडायचा मजबूत तुकडा) आणि शेवटचा गळ किंवा ल्युअर, सगळं एकमेकांच्या ताकदीला धरून. असे दोन जोड पुरतात, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. उरलेली जागा ज्या वस्तू समुद्रात राहून जातात त्यांना द्यायची, जिग, शिसं, गळ, लीडर. सहा रॉड आणि चार जिग घेऊन आलेला माणूस दुपारी रिकाम्या हाताने बसतो, दोन रॉड आणि वीस जिगवाला संध्याकाळपर्यंत गरवत असतो.

आधी तांडेलाला फोन

बोट चालवणाऱ्याशी दहा मिनिटं नीट बोलून घ्या, यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही. विचारायचं काय, तर पाणी किती खोल, तळ खडकाळ की चिखल-वाळू, बोट नांगरून गरवायचं की वाहत्या बोटीवरून, त्या दिवशी उधाण आहे की भांग (भरती-ओहोटीची ओढ जास्त की कमी), बोटीवर एकूण माणसं किती, आणि बोटीकडे स्वतःचं सामान काय काय आहे. ट्रोलिंगचे रॉड, गॅफ (मासा बोटीत ओढून घ्यायचा आकडा), मोठी जाळी, रॉड होल्डर, चारा, बर्फ हे बऱ्याच बोटींवर असतं आणि ते असेल तर तुम्ही वाहून नेण्यात काही अर्थ नाही. माणसं किती हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, पण आठ जण एका बाजूला उभे असतील तर आठ फुटी रॉडने पॉपर फेकणं धोक्याचं आहे, मग तो जोड घरीच राहिलेला बरा.

उधाण-भांग विचारायचं कारण म्हणजे वजन. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ जास्त असते, त्याच जागी त्याच खोलीवर भांगाच्या दिवशी १५० ग्रॅमची जिग तळाला लागते आणि उधाणात २५० ची पण लागली की नाही कळत नाही.

जिगिंगचा जोड

एकच जोड न्यायचा असेल तर हा न्या. यावर जिग चालते, गरज पडली तर चाऱ्याचा गळ पण खाली सोडता येतो, आणि रॉड आखूड असल्यामुळे गर्दीत कोणाला लागत नाही. रॉड साधारण साडेपाच ते साडेसहा फूट, त्यावर लिहिलेलं असतं की कुठल्या पीई नंबरची लाईन आणि किती ग्रॅमपर्यंत जिग, ते वाचून घ्यायचं आणि पाळायचं. २०० ग्रॅमच्या रॉडवर ३५० ची जिग लावली तर रॉड मोडेलच असं नाही पण जिगला उडी मारायला येत नाही, नुसतं रबर ओढल्यासारखं होतं.

पीई नंबर म्हणजे लाईनची जाडी, ताकद नाही, हे डोक्यात पक्कं पाहिजे. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, ताकद मात्र कंपनी आणि विणीप्रमाणे बदलते, म्हणून डब्यावरचे पाउंड वेगळे बघायचे. मधल्या खोलीच्या जिगिंगला पीई ३ ची लाईन, म्हणजे बहुतेक चांगल्या कंपन्यांची ५० पाउंडाच्या आसपास, निदान ३०० मीटर रीलवर असावी. मोठ्या माशांचा भरवसा असेल तर पीई ४-५. जाड लाईन म्हणजे सुरक्षित लाईन असा समज आहे पण जाड लाईनला पाण्याची ओढ जास्त लागते, ती धनुष्यासारखी वाकते, आणि मग जिग पण जड लागते, हात पण लवकर भरून येतात. दर १० मीटरला रंग बदलणारी ब्रेडेड म्हणजे विणलेली लाईन घ्या, खूप कामाची आहे. तांडेल म्हणाला मासा ४० मीटरवर दिसतोय तर चार रंग सोडायचे आणि तिथूनच काम सुरू करायचं, तळापर्यंत जाऊन वर ओढत बसायला नको. अर्थात लाईन तिरकी जात असेल तर चार रंग म्हणजे ४० मीटर खोली नाही, त्यापेक्षा कमी.

जिगच्या वजनाला एक ढोबळ हिशोब आहे, दर मीटर खोलीला २ ते ३ ग्रॅम. ६० मीटर पाण्याला १२० ते १८० ग्रॅम. पण न्यायच्या तीन वजनाच्या, हिशोबाच्या, एक पायरी खालच्या आणि एक पायरी वरच्या, आणि वरच्या वजनाच्या जास्त न्यायच्या कारण ओढ वाढली तर त्याच लागतात. आकार दोन पुरे, एक लांब बारीक सुरीसारखी जी सरळ खाली जाते आणि जोरात ओढायला चांगली, आणि एक पानासारखी रुंद जी पडताना लोळत लोळत पडते, सुस्त माशांना हीच आवडते. टंगस्टन जिग शिशापेक्षा खूप घन, म्हणजे तेवढ्याच वजनाला लहान दिसते आणि पटकन खाली जाते, लहान चाऱ्यावर मासे असतील तर एक-दोन जवळ असू द्या, पण खडकाळ तळावर महागाची वस्तू सोडताना विचार करा. रंगात मी फार अडकत नाही. एक चंदेरी, एक गुलाबी किंवा केशरी, एक अंधारात चमकणारी, झालं. वजन चुकलं तर कुठलाच रंग कामाला येत नाही.

रीलवर नंबरांचा घोळ आहे, एका कंपनीचं ८००० दुसऱ्या कंपनीच्या ८००० एवढं नसतं, म्हणून नंबर सोडा आणि तीनच गोष्टी बघा, त्यावर पीई ३ किती मीटर बसते, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक) खरोखर किती किलो गुळगुळीत चालतो, आणि हँडलच्या एका फेऱ्यात किती लाईन येते. लाईन भरताना स्पूलवर (लाईन गुंडाळली जाते ती चकरी) तळाशी थोडं तंगूस (नायलॉनची एकेरी लाईन) किंवा एक टेपचा वेढा द्यायचा, नाहीतर ब्रेडेड लाईन गुळगुळीत स्पूलवर घसरते, सगळी लाईन फिरते आणि ड्रॅग गेला असं वाटतं. आणि भरायची ताणून, ओल्या कपड्यातून घट्ट धरून. सैल भरलेली लाईन मोठा मासा ओढायला लागला की खालच्या थरांत रुतते आणि तिथेच तुटते.

फेकायचा जोड

पक्षी घिरट्या घालतायत, पाणी उकळल्यासारखं दिसतंय, अशा वेळी जिगिंगचा रॉड बदलून ल्युअर बांधत बसायला वेळ नसतो, कळप दोन मिनिटांत खाली जातो. म्हणून फेकायचा रॉड आधीच बांधून तयार, हूक झाकून, बाजूला उभा. साडेसात ते आठ फूट, मोठं स्पिनिंग रील, पीई ४ ते ६, काय मासा मिळतो त्यावर. ल्युअर सहा-सात पुरे, दोन पॉपर, दोन स्टिकबेट (काडीसारखे लांबट ल्युअर) त्यातला एक बुडणारा, आणि ४० ते ८० ग्रॅमच्या दोन-तीन कास्टिंग जिग. लहान चाऱ्यावर तुटून पडलेला कुपा किंवा दुसरे ट्युना मोठ्या पॉपरकडे ढुंकून बघत नाहीत आणि छोटी धातूची जिग मात्र पाण्यात पडल्या पडल्या घेतात, म्हणून ती जिग विसरू नका.

ल्युअरवरचे तिहेरी हूक काढून एकेरी लावा. मासा धरून राहतो, सुटका सोपी, आणि हलत्या बोटीवर तडफडणाऱ्या माशाच्या तोंडातला तिहेरी हूक तुमच्या तळहातात घुसायची शक्यता खूप कमी होते. फक्त हूक बदलला की ल्युअर पाण्यात नीट चालतोय का ते एकदा तपासायचं, वजन बदललं की चाल बदलते.

तळाचं सामान

चारा लावून तांबोशी, हेकरू वगैरे तळाच्या माशांना बसायचं असेल तर वेगळा रॉड न्यायची गरज नाही, जिगिंगचाच जोड चालतो. सामान मात्र भरपूर लागतं, कारण खडकात अडकणारच. सगळ्यात साधी रचना म्हणजे खाली शिसं आणि त्याच्या वर हातभर अंतरावर फांदीसारखे निघालेले एक-दोन गळ. शिसं बांधायचा तुकडा मुद्दाम मुख्य लीडरपेक्षा कच्चा ठेवायचा, म्हणजे शिसं कपारीत अडकलं तरी नुसतं शिसं जातं, गळ आणि मासा वर येतो. शिसं २०० ते ५०० ग्रॅमपर्यंत वेगवेगळं.

गळ सर्कल हूक घ्या, ५/० ते ९/० पैकी चाऱ्याच्या मापाचे. नवीन माणसाला आकड्यांचा गोंधळ होतो, तिरकी रेघ आणि शून्य असलेल्या मापात आकडा वाढला की गळ मोठा, आणि नुसत्या आकड्याच्या मापात उलटं, आकडा वाढला की गळ लहान. सर्कल हूकचं टोक आत वळलेलं असतं, तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही, त्यामुळे सोडून द्यायचा मासा जगतो. फक्त झटका मारायचा नाही. रॉड वाकू द्यायचा आणि शांतपणे रील फिरवायचं, झटका मारला की गळ तोंडातून बाहेर.

जिवंत चारा धरायचा असेल तर साबिकीची दोन पाकिटं ठेवा, बारीक गळांची माळ असते ती, आणि हलका रॉड बोटीवर कोणाकडे ना कोणाकडे असतोच.

ट्रोलिंगबद्दल थोडक्यातच, कारण तो जोड बहुतेक बोटीचाच असतो. स्वतःचा न्यायचा तर लाईन तंगूसची बरी, ब्रेडेड जवळजवळ ताणली जात नाही आणि बोट चालू असताना माशाचा पहिला दणका कुठेतरी शोषला गेला पाहिजे. ल्युअरच्या पुढे चांगला बॉल बेअरिंग स्विव्हल (लाईनला पीळ पडू न देणारी फिरती कडी) पाहिजेच. स्कर्टवाले (मागे झालर असलेले) ल्युअर साधारण ६ ते ९ नॉट वेगाला चालतात, डायव्हिंग मिनो (बुडी मारणारे माशाच्या आकाराचे ल्युअर) त्यापेक्षा हळू, म्हणून तांडेल कुठल्या वेगाने नेणार ते विचारूनच ल्युअर निवडा, नाहीतर मिनो पाण्याबाहेर उड्या मारत राहतो.

लीडर आणि गाठी

जास्तीत जास्त मासे इथे जातात, म्हणून इथे कंजुषी नको. जिगिंगला ३ ते ५ मीटर फ्लुरोकार्बन, ५० पाउंडाच्या लाईनला ६० ते ८० पाउंडाचा. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा त्याहून लांब, म्हणून तो पाण्यात कमी दिसतो, आणि तो कडक असल्यामुळे खडकाला घासणं जास्त सहन करतो. पॉपरला मात्र मी नायलॉनच लावीन, फ्लुरोकार्बन जड असतो, पॉपरचं तोंड खाली ओढतो, आणि जवळ आलेल्या माशाच्या झटक्याला नायलॉनचा ताण उपयोगी पडतो. म्हणजे दोन्हीचं एकेक रीळ आणि शक्य असेल तर दोन जाडीत.

सुरमई, बॅराकुडा असले दातवाले मासे असतील तर वायर लागते, पण पूर्ण लीडर वायरचा नको, गळाच्या पुढे वीतभर पुरे. वायर दिसली की ट्युना लांब राहतो. घरूनच आठ-दहा तुकडे बांधून न्या, एका टोकाला स्विव्हल, दुसऱ्या टोकाला गळ किंवा स्नॅप (उघडबंद होणारी क्लिप).

ब्रेडेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सगळ्यात चांगली, बारीक असते, रॉडच्या कड्यांतून खडखड न करता जाते. पण ती डुलत्या बोटीवर, वाऱ्यात, ओल्या हातांनी बांधायची म्हणजे कठीण, सराव नसेल तर नाहीच जमत. म्हणून दोन कामं करा. एक, घरीच लीडर बांधून, ओढून, तपासून न्या. दुसरं, बोटीवर तुटलाच तर पटकन बांधता येईल अशी डबल युनी गाठ डोळे मिटून येईल इतकी घोटा. गाठ आवळताना लाळ किंवा पाणी लावायचंच, कोरडी आवळली की घासून गरम होते आणि लाईन तिथेच कमजोर पडते. आणि प्रत्येक माशानंतर लीडर दोन बोटांच्या नखांमधून ओढून बघा, शेवटच्या हातभर भागात जरा जरी खरखर लागली की कापून परत बांधायचा.

निघण्याआधी घरी एक तास

ड्रॅग अंदाजाने लावू नका. एक काटा घ्या, सामान तोलायचा हँगिंग काटा चालतो. लाईन सगळ्या कड्यांतून काढून काट्याला बांधायची, दुसऱ्याने काटा धरायचा, तुम्ही रॉड मासा ओढत असल्यासारखा वाकवून धरायचा आणि त्याने सावकाश मागे सरकायचं. लाईन सुटायला लागते तेव्हा काट्यावर किती किलो येतात ते बघायचं. लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ५० पाउंड, २२-२३ किलोच्या लाईनला साडेपाच ते सात किलो. पहिल्यांदा सात किलो ओढ हातात घेतली की कळतं किती असते, बऱ्याच जणांना तीच खूप होते. आणि कमी ठेवायचं अजून एक कारण, लाईन बाहेर गेली की स्पूलवरचा घेर लहान होतो आणि त्याच सेटिंगला ओढ आपोआप वाढते. लाईन हलक्या झटक्यांनी सुटत असेल, एकसारखी नाही, तर ड्रॅगचे वॉशर तपासून घ्या, तो रील तसाच नेऊ नका.

मग रॉडची कडी. डोळ्यांना चीर दिसत नाही, म्हणून कापसाचा बोळा प्रत्येक कड्याच्या आतून गोल फिरवायचा, जिथे धागा अडकेल तिथे चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड लाईन तासाभरात खाऊन टाकते. जुने स्प्लिट रिंग (ल्युअरला हूक जोडायची दुहेरी वेढ्याची कडी), गंजके असिस्ट हूक (जिगला दोरीने बांधलेले हूक), वाकलेले स्नॅप यांना याच वेळी निरोप द्या. गळाचं टोक नखावर टेकवून हलकं ओढा, घसरला तर धार लावा, रुतला तर ठीक.

हत्यारं आणि जिवाची काळजी

स्प्लिट रिंग उघडणारी पक्कड, ब्रेडेड कापणारी कात्री, गळ काढायला लांब नाकाची पक्कड, हातमोजे, पोटाला बांधायचा पट्टा ज्यात रॉडचं टोक टेकतं. पट्टा नसला तर अर्ध्या तासाच्या झटापटीत पोटावर काळानिळा डाग पडतो. आणि एक अशी वस्तू जी फार कमी जण नेतात पण मी आग्रह धरीन, जाड गळ कापू शकेल असा कटर. गळ हातात आरपार गेला आणि टोक बाहेर दिसत असेल तर ते टोक कापल्याशिवाय गळ मागे घेता येत नाही, आणि साध्या पकडीने ९/० चा गळ कापला जात नाही. डोळ्याजवळ किंवा खोल रुतला असेल तर हात लावायचा नाही, तसाच स्थिर ठेवून किनारा गाठायचा.

पोलराइज्ड गॉगल उन्हासाठी तर हवाच पण उडत्या जिगपासून डोळा वाचवायला पण हवा. लाईफ जॅकेट बोटीवर आहेत का आणि तुमच्या मापाचं आहे का ते आधी विचारा. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही.

खोल पाण्यातला मासा सोडून द्यायचा असेल तर वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगलेली असते, नुसता पाण्यात टाकला तर तरंगत राहतो आणि मरतो. त्याला परत खाली पोचवायला जबड्याला धरणारी क्लिप आणि किलो-दोन किलोचं वजन, एवढं सामान पुरतं, दोरीने खाली न्यायचा आणि झटका देऊन क्लिप सोडवायची. लहान मासे भरपूर लागणार असं तांडेल म्हणाला असेल तर हे घेऊनच जा.

भरायचं कसं

मोठी कडक पेटी नको, डेकवर सगळ्यांच्या पायात येते आणि लाट आली की घसरते. पाणी न शिरणारी मऊ बॅग, आत कामाप्रमाणे छोटे डबे, जिगचा वेगळा, फेकायच्या ल्युअरचा वेगळा, गळ-शिसं-स्विव्हलचा वेगळा. लीडरचे बांधलेले तुकडे फोमच्या गुंडाळीवर, प्रत्येकावर पाउंड लिहून. शिसं बॅगेच्या तळाला. राखीव रील नेता येत नसेल तर निदान लाईन भरलेला राखीव स्पूल न्या, एखादा मासा २०० मीटर घेऊन गेला की दिवस वाचतो. विमानाने जाणार असाल तर गळ, पक्कड, सुरी चेक-इनच्या सामानात, आणि रॉड दोन-तीन तुकड्यांचा पण कडक नळीतच.

जागा कमी पडली तर काढून टाकायचा क्रम माझा असा, आधी ट्रोलिंगचे ल्युअर, मग जास्तीचे पॉपर, मग तिसरा रॉड. लीडर, गळ, हत्यारं आणि जड जिग यांना हात लावायचा नाही.

दिवसभर वापरलेले ल्युअर-जिग मूळ डब्यात परत टाकू नका, एक रिकामी जाळीची पिशवी न्या आणि ओलं सगळं तिच्यात, नाहीतर एका खाऱ्या जिगमुळे डब्यातले सगळे हूक आठवड्यात गंजतात. घरी आल्यावर ती पिशवी तशीच गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवायची. रीलचा ड्रॅग आवळून वरून हलकं पाणी सोडायचं, जोराचा फवारा मारला की मीठ उलट आत जातं, मग पुसून सावलीत वाळवायचं आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा.